फिकट हिरवा बरखास्त केला त्याची हकीकत

संचालकसाहेब हुजूर, आपण नकाशा रंगवलात आणि नळ बसवला नाहीत. आरोप थेट आहे. पदरचे काही घालत नाही, घडले तेच लिहितो. रागवायचे तर खुशाल रागवावे.

तपशील ऐसा जे, अन्नसुरक्षेचा नमुना कायदा सिद्ध जाहला, आणि तो कोणत्या मुलुखाने कबूल केला यावर नजर ठेवणेस एक खाते कायम जाहले, आणि खात्याच्या दिवाणखान्यात भिंतभर नकाशा टांगला. शिरस्ता ऐसा की पुरता कबूल करील तो मुलूख गडद हिरवा, सवलती घेऊन करील तो फिकट हिरवा, न करील तो पांढरा. मग खासे संचालकसाहेब, नकाशाधुरंधर, बैठकबहाद्दर, यांनी खलित्यांवर खलिते धाडले, आणि एकेक मुलूख शरण आला, आणि पांढरा उरला तो एकच, ज्यात खुद्द हे खाते वसले होते तो. बहुत शरमेची गोष्ट जाहली.

त्याच इमारतीच्या तळाशी सरकारी उपाहारगृह, तेथील चुलीची मुखत्यारी मावशींकडे. हात धुवावयास नळ नाही. एक बादली, तीतच भांडी, तीतच हात. मागे अर्धे खाते पोट धरून घरी गेले, तेव्हा ठपका मावशींवर आला, आणि ताकीद जाहली की पुन्हा ऐसे घडल्यास चूल काढून घेऊ. मावशींनी नळ मागितला. हुकूम आला की नमुना कायद्यात दर स्वयंपाकघरास हात धुण्याचा वेगळा नळ आहेच. आपला मुलूख कायदा कबूल करताच तो बसेल, तोवर सबुरी धरावी. म्हणून मावशी चहा घेऊन वर गेल्या की आधी नकाशाकडे पाहत.

"अजून पांढराच का रे?"

"होईल हो मावशी, आज-उद्या," नकाशावर तैनात कारकून म्हणे.

"तुझं आज-उद्या ऐकून बादलीलासुद्धा हसू येतं."

मग मसलती जाहल्या, आणि बिस्किटांच्या बशा रित्या जाहल्या, आणि अखेर तह ठरला की मुलुखाने कायदा कबूल करावा, मात्र सरकारी इमारतींतली स्वयंपाकघरे वगळावी, कारण तेथे नळ बसवणे सरकारच्याच गळ्यात पडते. शिरस्त्याने हा फिकट हिरवा. कारकून फिकट खडू घेऊन शिडीवर चढला. परंतु संचालकसाहेबांनी दहा पावले मागे सरून पाहिले, आणि फोटोत फिकट हिरवा पांढराच दिसेल हे त्यांच्या ध्यानी आले, आणि तत्क्षणी फर्मान सुटले की आजपासून फिकट हिरवा बरखास्त. स्वीकार तो स्वीकार. मग कारकुनाने तो मुलूख गडद घोटला, आणि हात चालताच होता म्हणून जुने फिकट मुलूखही घोटले, आणि टाळ्या जाहल्या.

टाळ्या ऐकून मावशी ओल्या हातांनी वर आल्या.

"झाला ना हिरवा? मग नळवाला कधी येतोय?"

कारकून शिडीवरून उतरेना. "मावशी, आपलं स्वयंपाकघर वगळलंय त्यातून."

"वगळलंय? मग हे रंगवलंस काय? आता मी हात काय भिंतीवर धुऊ?"

मग साहेबी हुकूम जाहला की फत्तेची मेजवानी आजच व्हावी, आणि जेवण बाहेरून मागवावे, खालचे काही वर आणू नये.

मावशी दारातच थांबल्या. "म्हणजे तुम्हाला माहितीये सगळं," एवढेच बोलल्या, आणि चहाचे कप उचलून बादलीकडे गेल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, नकाशा निखळ हिरवा जाहला, फोटो निघाला, ही नोंद कायम केली असे. बादली जागच्या जागी असे.

आता हुजूर, आमचा सवाल. उद्या पुन्हा कोणाचे पोट बिघडले तर चूल कोणाची काढणार? ज्या ताटातले खायची तुमची हिंमत नाही, ते इतरांपुढे कोणाच्या हुकमाने वाढता? जबाब कागदावर नको. खाली या, त्या बादलीत हात धुवा, मावशींनी वाढलेले जेवा, आणि मग बोला.