खवल्याच्या निरोपाची जेवणं

एका जंगलात, मुलांनो, खवल्या नावाचं एक खवले मांजर राहायचं. सोबत बायको खवली आणि शेपटीवर बसून फिरणारं एक पिल्लू. सावकाश ऐका, घाई काही नाही.

या जातीचं पोट मुंग्यांवर आणि वाळवीवर. पण त्या जंगलातली वारुळं संपत आली होती. खवल्या दिवसभर उकरायचा आणि नाकाला माती लावून घरी यायचा. पिल्लाच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

अशात नदीपलीकडच्या जंगलातून निरोप आला. तिकडची जुनी झाडं वाळवीनं पोखरली होती. खवले मांजर पाहिजे होतं. वाळवी पोटभर आणि राहायला बीळ. पौर्णिमेपर्यंत पोचेल त्याला काम, नाही तर दुसरं कोणी बघणार.

खवल्या खूश झाला. मग शेजारच्या माकडानं विचारलं, "तिकडे दलदल आहे ना? ताप असतो म्हणे."

खवल्यानं अंगाचा गोळा केला. घाबरला की तो तसंच करायचा.

खवली म्हणाली, "गोळा करून काय होतंय? वैद्यबुवांना विचारून येऊ."

त्या जंगलाचा वैद्य म्हणजे एक म्हातारं कासव. तळं सोडून ते वर टेकडीवर, झऱ्यापाशी राहायचं. का, ते त्याला कुणी विचारत नसे.

वैद्यबुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताप आहे. खोटं कशाला सांगू? डासापासून येतो."

"मला डास चावत नाही," खवल्या म्हणाला. "अंगभर खवले आहेत."

"पोटाला नाहीत, बाबा."

खवल्यानं पोटाकडे बघितलं. खरंच नव्हते.

"सातविणीची साल देतो," वैद्यबुवा म्हणाले. "पहाटे उपाशीपोटी घ्यायची. अंगात मुरायला एकवीस दिवस लागतात, म्हणून उद्यापासूनच सुरू करा. तिकडे गेल्यावर पिल्लाला पोटाशी घेऊन, वेटोळं करून झोपा. आणि एकवीस दिवस याच झऱ्याचं पाणी प्या. तळ्याचं नको."

"तळ्याचं का नको? ताप तर तिकडे आहे."

"तिकडचं सांगून झालं. आता इकडचं सांगतोय."

खवल्याला ते काही पटलं नाही.

आता त्या जंगलाची एक रीत होती. कुणी परदेशी निघालं की घरोघरी त्याला निरोपाचं जेवण घालायचे. जेवणाआधी यजमान तळ्याचं गार पाणी तुंब्यात भरून पुढे करायचा, आणि ते नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. जेवण फक्त जाणाऱ्याला. बायकोला कुणी बोलवत नसे, कारण ती बिचारी तयारीत असणार.

पहिलं जेवण अस्वलाकडे होतं.

"घे भाच्या, पाणी घे," अस्वलमामा म्हणाला. "आणि तिकडे जपून हं. तिकडचे डास बगळ्याएवढे असतात."

"मामा, तुम्ही बघितलेत?"

"बगळे बघितलेत की."

दुसरं जेवण रानडुकरिणीकडे. तिनं कंद उकरताना सापडलेल्या मुंग्या वाढल्या आणि डोळे पुसले. "माझ्या मावशीचा दीर गेला होता तिकडे. परत नुसते सुळे आले. पाणी घ्या ना भावजी, संकोच करू नका."

असं रोज दोन घरी चाललं. प्रत्येक घरी खवल्याला तिकडचा एक नवा रोग कळायचा आणि प्रत्येक घरी तो तुंबाभर पाणी प्यायचा. सशाच्या घरची पोरं पिवळी पडून कोपऱ्यात निजलेली होती. खवल्यानं विचारलं, "यांना काय झालंय?"

"यांना ना? काही नाही," ससा म्हणाला. "दर वर्षी पिवळी पडतात. एखादं जातं. तळ्याचं आहे ते, घरचंच. तुम्ही आपलं तिकडचं बघा."

पहाटे खवली उठवायची. "अहो, साल घ्या."

"पोटात रात्रीचं तसंच आहे. उपाशीपोटी घ्यायची ना? मग आज नाही जमत."

"रोज नाहीच जमत."

"शेवटच्या दिवशी एकवीस दिवसांची एकदम घेतो."

खवली स्वतःची साल घ्यायची, तोंड वाकडं करायची, पिल्लाला शेपटीवर बसवून टेकडी चढायची आणि झऱ्याचं पाणी पिऊन यायची. तिला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, त्यामुळे वेळ होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिघं निघाले. खवल्याला दोन पावलं चाललं की बसावंसं वाटत होतं. "जेवणं जड झाली," तो म्हणाला.

नदीच्या उतारावर टिटवी पहाऱ्याला होती. "कुठून आलात?" तिनं विचारलं.

"तळ्याच्या जंगलातून."

टिटवी दोन पावलं मागे सरली. "तळ्याच्या? आमच्याकडे पोरं हट्ट करायला लागली की तुमच्या तळ्याचं नाव घेतात. डोळे दाखवा."

खवल्यानं डोळे दाखवले. हळदीसारखे पिवळे होते.

"तुम्ही मागे फिरा, दादा. बरे व्हा, मग बघू. बाई, तुमचे डोळे?" खवलीचे डोळे स्वच्छ होते. पिल्लाचेही.

"काम यांचं आहे," खवली हळूच म्हणाली.

"वाळवी कोण खातंय याच्याशी आमच्या झाडांना काय करायचंय? उद्या पौर्णिमा. येताय की नाही?"

खवलीनं नवऱ्याकडे बघितलं. खवल्यानं पिल्लाच्या बरगड्यांकडे बघितलं. मग तो म्हणाला, "जा तू. मी बरा झालो की येतो."

"वैद्यबुवांकडे जा. सरळ टेकडीवर. मधे कुणाकडे थांबू नका."

"नाही थांबत."

ती नदी उतरून गेली. पिल्लू शेपटीवरून मागे बघत होतं, दिसेनासं होईपर्यंत.

खवल्या सरळ टेकडीवरच निघाला होता. पण वाटेत त्याला सगळं जंगल भेटलं.

"बघा," अस्वलमामा सगळ्यांना म्हणाला. "नुसता काठापर्यंत जाऊन आला, तर पिवळा पडला. आत गेला असता तर काय झालं असतं?"

"मी म्हटलंच होतं," रानडुकरीण म्हणाली. "वहिनींचं काय होणार आता, कोण जाणे."

खवल्याला उभं राहवेना. लोक फार प्रेमळ. त्यांनी त्याला सावलीत निजवलं, वारा घातला, आणि तोंडापुढे तुंबा धरला.

"घे, आपल्या तळ्याचं आहे," ससा म्हणाला. "बरं वाटेल."

खवल्या बघत राहिला. नको म्हणावं, तर घराचा अपमान. आणि आता तर आख्खं जंगल यजमान होतं.

त्यानं पाणी घेतलं.

तात्पर्य: परदेशी जाण्याआधी तिकडच्या रोगांची घरोघरी बसून नीट चौकशी करावी. वैद्याकडे मात्र जाऊ नये, कारण तो आपल्याच तळ्याविषयी बोलायला लागतो.