अंजिराच्या झाडाचं प्रकरण

आयर्लंडला आल्यावर तिसऱ्याच दिवशी नानांनी शोध लावला, की आमचं मागच्या अंगणातलं कुंपण पलीकडच्या ब्रेंडनच्या जागेत नऊ इंच घुसलेलं आहे.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नाना म्हणजे आमच्या शेजारच्या मृणालचे वडील. कराडजवळच्या एका गावाहून तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आलेले. छत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार होते. लोकांचे आईवडील इकडे येताना मेतकूट, भाजणी आणि तिळगुळाचे लाडू आणतात. नानांनी तीस मीटरचा टेप आणला, टॉवेलात गुंडाळून, लोणच्याच्या बरणीला टेकवून. आमच्या ओंगार या वसाहतीतली घरं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की मी स्वतः दोनदा परक्याच्या दाराला किल्ली लावून बघितली आहे. नानांना तीन दिवसांत कुठल्या घराची कुठली भिंत किती तिरकी आहे ते तोंडपाठ झालं.

आता नऊ इंच आपल्या बाजूला आलेत म्हटल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो. नाना मला घेऊन ब्रेंडनकडे गेले आणि मला भाषांतर करायला लावलं. ब्रेंडन निवृत्त बसचालक, दुसऱ्या बाजूचा आमचा शेजारी. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आह, यू आर ग्रँड."

"काय म्हनला?"

"असू द्या म्हणाला."

नाना दिवसभर बेचैन होते. "ताई, नऊ इंचापायी आमच्याकडं तीन तीन पिढ्या कोर्टात जात्यात. आन ह्यो ग्रँड म्हनतोय. माणूस आजारीबिजारी हाय का बगा जरा."

नानांचं दुसरं वेड म्हणजे चतुःसीमा. खरेदीखतात पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण, असं चारी बाजूंचं लिहितात ना, ती. नानांना माणूस भेटला की ते नाव विचारत नसत. "नाव मागनं. आदी चतुःसीमा." पोस्टमनला विचारली. औषधाच्या दुकानातल्या मुलीला विचारली. तिचं माहेर कॉर्कजवळ कुठंतरी, पश्चिमेला ओढा आणि उत्तरेला काकाच्या गाई, हे सगळं तिनं उत्साहानं सांगितलं, मागे सातजण रांगेत उभे असताना. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानंही आपण होऊन स्वतःची सांगितली. मृणालनं त्यानंतर औषधांचं दुकान बदललं.

असे फिरत फिरत नाना समोरच्या खलीलपाशी पोचले.

खलील जवळच्या लिक्सलिपमधल्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात तंत्रज्ञ आहे. चार रात्री काम, मग चार दिवस सुट्टी, आणि सुट्टीत गाडी धुणं. नानांनी विचारलं, मी भाषांतर केलं. खलील म्हणाला, "पॅलेस्टाईन."

"त्यो देश झाला. गाव कुटलं?"

खलीलनं स्पंज बादलीत टाकला. त्याचा जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीतला. गाव गॅलिलीच्या डोंगरात, हैफाच्या ईशान्येला. १९४८ साली तिथल्या लोकांना हाकलून लावलं, मग घरं पाडली, मग त्यावर पाईनची झाडं लावली. गाव आता नाही, यानी, नकाशावरही नाही. हे त्यानं बरंच वेळा सांगून गुळगुळीत झालेल्या आवाजात सांगितलं. अशा वेळी माणसं जे करतात तेच मी केलं, फार वाईट वाटलं असं म्हणाले.

नाना म्हणाले, "गाव बगितलेलं कोन हाय का घरात?"

खलीलची आई होती. उम्म खलील. वय पंच्याऐंशी, गाव सुटलं तेव्हा आठ. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. नाना दुसऱ्या दिवशी चार वाजता कागदाची गुंडाळी, टेप आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या बैठकीत हजर झाले आणि म्हणाले, "आक्का, चतुःसीमा सांगा."

उम्म खलीलनी आधी नानांकडे, मग खलीलकडे पाहिलं. मग त्यांनी पूर्वेपासून सुरुवात केली. संध्याकाळी साडेसहापर्यंत त्या दक्षिणेला पोचल्या होत्या.

त्यांना नकाशा हवाच होता. खलीलच्या पोरांना आपलं दार कुठलं ते कळावं, आपण जायच्या आत ते कागदावर यावं, एवढंच त्यांचं मागणं. दोन मुलांना सांगून झालं होतं, एका नातवाला सांगून झालं होतं, पण लिहून कोणी घेतलं नव्हतं. ऐकणारे सगळे मध्येच रडायचे, असं त्या म्हणाल्या. नाना रडले नाहीत. "भिंत दगडाची का मातीची?" एवढंच विचारलं.

मग दर मंगळवार, गुरुवार आमचं कार्यालय भरू लागलं. नाना मराठीत विचारणार, मी इंग्रजीत, खलील अरबीत. उत्तर त्याच वाटेनं परत. नानांचा प्रश्न तीन ओळींचा, "सदर विहिरीपासून सदर घराचे दर्शनी बाजूस" वगैरे. माझा पाच शब्दांचा. खलीलचा पुन्हा तीन ओळींचा, कारण आईशी बोलताना तब्येत विचारावी लागते. उम्म खलील नानांना अबू मृणाल म्हणायच्या, म्हणजे मृणालचा बाप. त्यांच्यात तशीच पद्धत. नानांना ही पदवी इतकी आवडली की त्यांनी ती ब्रेंडनलाही म्हणायला लावली.

अडचण अंतराची होती. आठ वर्षांच्या पोरीनं मीटर थोडेच मोजले असणार. घरापासून झरा किती लांब, तर डोक्यावर घागर असेल तर दोन गाणी. आता दोन गाणी म्हणजे किती मीटर, हे आमच्या खात्याच्या पुस्तकात नाही असं नाना म्हणाले, आणि सगळ्यांना घेऊन समोरच्या हिरवळीवर गेले. उम्म खलीलना खुर्चीत बसवलं. मृणालचं मोठं पातेलं पाण्यानं भरून नानांनी डोक्यावर घेतलं. त्या गाऊ लागल्या, नाना चालू लागले, ब्रेंडन टेपचं टोक धरून मागून. दुसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला नाना थेट बसथांब्यापर्यंत पोचले होते. पाणी निम्मं सदऱ्यात. बसमधली माणसं काचेला नाक लावून बघत होती. मृणालनं आतून पडदे ओढून घेतले. "पोरीची चाल लहान, वजा एक तृतीयांश," असं म्हणत नानांनी ओल्या हातानं आकडा लिहिला.

मग खळं निघालं. गावाच्या उत्तरेला गोल खळं, तिथं गहू मळून वाऱ्यावर उफणायचे. नानांना एवढा आनंद झाला की ते उभेच राहिले. "खळं हाय म्हणल्यावर वारा कुटनं येतोय ते कळलं. वारा कळला की गाव कळलं." तेलाचा घाणा निघाला, मशीद निघाली, पाहुण्यांना उतरायची जागा निघाली. तिला नानांनी चावडी म्हटलं, आणि काम ऐकल्यावर उम्म खलीलनी मान्य केलं.

एकदा खलीलनं फोनवर उपग्रहाचा फोटो दाखवला. नुसतं पाईनचं जंगल. तो म्हणाला, मी कितीदा बघितलंय, काही दिसत नाही. नानांनी भिंग लावलं. अर्धा तास ते फोनवर वाकून होते. मग त्यांनी नखानं एक रेघ दाखवली, गर्द झाडीत फिकट हिरवी, वाकडीतिकडी.

"निवडुंग हाय ह्यो. फड्या. कुंपनाला लावत्यात. कापा, जाळा, परत येतोय. ही तुमची गावाची शीव बगा."

खलीलनं फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. पन्नाशीचा माणूस, बाहेर गाडी धुवायला निघून गेला. गाडी सकाळीच धुतलेली होती.

यानंतर खरं तर नकाशा आठवड्यात व्हायचा. पण नाना सरकारी माणूस. लगतच्या खातेदारांना नोटीस दिल्याशिवाय मोजणी कायम होत नाही. मी म्हटलं, नाना, ते खातेदार आता जगभर आहेत. "मग जगभर नोटीस काडा." खलीलनं चुलत-मामेभावांकडून नंबर काढले. पश्चिमेच्या घराचा मुलगा बर्लिनमध्ये, दक्षिणेचे लेबनॉनमधल्या सैदाजवळच्या छावणीत. सगळ्यांची संमती आली, काहींनी वर आपल्या जात्याची जागाही कळवली. राहिली पूर्वेची नजमिया. वय सत्त्याऐंशी, मुक्काम डेन्मार्क. उम्म खलील तिच्याशी गाव सुटल्यापासून बोललेल्या नव्हत्या. ती जिवंत आहे हेच माहीत नव्हतं.

फोन लागला. पडद्यावर एक पांढरी ओढणी आली आणि खूप वेळ दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडारड. नजमिया म्हणाली, "तू मुस्तफाची लेक ना? आमची अंजिरं चोरणारी?"

"तुमची कशी? झाड आमचं."

झालं. दोन घरांच्या मध्ये एक भिंत आणि एक अंजिराचं झाड. ते कोणाच्या हद्दीत, यावर पाऊण तास रणधुमाळी. खलील भाषांतर करता करता दमला आणि शेवटी नुसताच "नाही म्हणते", "ही पण नाही म्हणते" एवढं सांगू लागला. नानांनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला, "हरकत नोंदवली हाय. पुडची तारीख गुरुवार, चार वाजता."

गुरुवारी नजमियानं साक्षीला आपल्या सुनेला बसवलं, जिनं गाव जन्मात पाहिलेलं नव्हतं. उम्म खलीलनी केस विंचरून, नवा रुमाल बांधून घेतला. पुन्हा वाद. मध्येच त्या वादातून कोणाचं लग्न निघायचं, शाळेच्या बाई निघायच्या, आईच्या हातच्या भाकरीची चव निघायची, आणि पुन्हा अंजीर. नाना तारखा देत राहिले. एकदा जबाबात खाडाखोड म्हणून. एकदा पंच गैरहजर म्हणून, कारण नानांनी पंच नेमलेला ब्रेंडन ॲथलोनला बहिणीकडे गेला होता. एकदा आभाळ आलंय, सूर्याची दिशा ठरवता येत नाही म्हणून. ओंगारमध्ये या कारणावर कोर्ट कायमचंच बंद ठेवता येईल.

मला राग यायला लागला. नानांचं विमान शनिवारी होतं. उम्म खलीलना त्या महिन्यात दोनदा दवाखान्यात नेलं होतं. एका झाडापायी त्यांचा नकाशा अर्धा राहणार आणि हा माणूस खात्यातल्या सवयी इथं चालवतोय. शुक्रवारी दुपारी मी मृणालच्या घरी गेले. नाना बॅग भरत होते. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "नाना, त्या बाईंनी तुमच्यावर भरवसा ठेवला. निकाल तरी देऊन जायचा होता."

नानांनी पलंगावर कागद उलगडला.

सगळं गाव शाईत होतं. झरा, खळं, घाणा, निवडुंगाची शीव, एकेक घर, आणि उम्म खलीलच्या घराला दक्षिणेकडे उघडणारं दार, वर खलीलकडून गिरवून घेतलेल्या अरबी अक्षरांत त्यांच्या वडिलांचं नाव. असा देखणा कागद मी पाहिलेला नाही. फक्त पूर्वेच्या भिंतीजवळची दोन बोटांची रेघ पेन्सिलची होती.

"सकाळीच खलीलला छापील प्रत दिली. आक्कांनी दारावर बोट ठेवलं आन बसून राह्यल्या."

"मग ही रेघ?"

"झाड नजमियाचं हाय. आक्का पयल्याच दिवशी बोलून गेल्या, अंजिराला जायला भिंत चडायला लागायची. सोताच्या अंगनातल्या झाडाला भिंत कशाला चडतंय कोन?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"शाई भरली की प्रकरन निकाली. मग त्या दोगी फोन कशाला करतील? हाल इचारायला? सत्त्याहत्तर वर्सं इचारले न्हाईत. भांडायला करतील. करू देत." त्यांनी मला एक वही दिली. तारखांची. पुढच्या चार मंगळवारांसमोर निकाल लांबवायची कारणंही लिहून ठेवली होती.

मी वही चाळत राहिले. नाना सदऱ्याच्या घड्या घालत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं आन थोरल्या भावाचं बांधावरनं एकोनीस वर्सं चाललं. तारखेला दोगं एकाच यष्टीनं कराडला जायचो. कोर्टात भांडायचो, मग भायेर एकाच टपरीवर च्या प्यायचो. त्यो माझ्या बशीत वतायचा. मोजनी आनली, कागद काडलं, निकाल माझ्या बाजूनं लावून घेतला. मोजनीदारच मी, हरतोय कसा? त्या दिवशी त्यो एकटा निगून गेला. त्याला तारीकच उरली न्हाई."

मी विचारलं, "आहेत का अजून, तुमचे भाऊ?"

"हाय की," नाना म्हणाले आणि बॅगेची चेन ओढली. "बांदापल्याडच ऱ्हातोय."