फुकटची धग

गॅसच्या फिटरने शेवटचा नट आवळला, खिशातल्या लायटरने बर्नर पेटवून दाखवला, "खिडकी उघडी ठेवा, बाकी काळजी नको," असं बजावलं आणि बर्नर बंद करून, लायटर पुन्हा खिशात घालून तो निघून गेला. काकू मात्र ओट्यापुढून हलल्याच नाहीत. ती निळी ज्योत त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

"अहो, पाहिलंत? बटण फिरवलं की लगेच! लगेच हो!"

"विजेची शेगडीही लगेचच तापायची," मीटरकाका दारातून म्हणाले.

"तिच्यावर पाणी ठेवून मी आंघोळ करून यायचे, तरी ते कोमटच असायचं!"

काकांनी आयुष्यभर वीज कंपनीत घरोघरचे मीटर वाचले होते. निवृत्त झाल्यावर वाचायला दुसऱ्यांचे मीटर उरले नाहीत, म्हणून ते रोज संध्याकाळी खुर्चीवर चढून स्वतःच्याच घरचा वाचत. सगळी इमारत त्यांना मीटरकाका म्हणायची. त्यांच्या घरात एक शास्त्र होतं आणि त्याचं नाव होतं 'फुकटची धग'. शेगडी बंद केली तरी तिची तबकडी बराच वेळ तापलेली राहते. मग भातात पाणी दिसत असतानाच बटण बंद करायचं, उरलेला भात त्या धगीवर शिजतो. इस्त्री बंद करायची आणि शेवटचा शर्ट फुकटात काढायचा. काकू विसरल्या, तरी काका येता-जाता बटण बंद करून जात. संसारातली निम्मी जेवणं अशी फुकटच्या धगीवर झाली होती आणि काकांना त्याचा केवढा अभिमान!

त्यामुळे पाइपचा गॅस घरात घ्यायला काकूंना फार झगडावं लागलं. शेवटी काकांनी अट घातली. आज त्यांची थोरली बहीण, आक्का, जेवायला येणार होती. आक्का एक म्हणजे एक वाजता पोचायची आणि पोचली की पानावर बसायची. तिला दारातून थेट गरम जेवण मिळालं, तर शेगडी भंगारात. नाही मिळालं, तर शेगडी पुन्हा ओट्यावर आणि गॅसचं नाव काढायचं नाही. तोवर शेगडी पलंगाखाली, चादरीत गुंडाळून.

"मान्य!" काकूंनी पदर खोचला. भाताचं पातेलं बर्नरवर चढवलं. "काडीपेटी द्या."

"काडीपेटी?" काका म्हणाले. "आपल्याकडे?"

तेव्हा उजेड पडला. घरात काडीपेटी नव्हती, लायटर नव्हता, मेणबत्तीसुद्धा नव्हती. टॉर्च मात्र तीन होते.

काकू धावत समोरच्या टेलरबाईंकडे गेल्या. टेलरबाई तोंडात टाचण्या धरून मोजमाप घेत होत्या. गॅस आला म्हटल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या, गिऱ्हाइकाला टेप अंगावर तसाच सोडून बसवलं आणि काडीपेटी घेऊन त्या स्वतःच आल्या. पेटीत एकच काडी निघाली. काकूंनी श्वास रोखून ती ओढली, बटण फिरवलं, आणि फप्प!

"अगं बाई, कसली सुंदर!" टेलरबाई ओरडल्या.

दोघींनी एकमेकींचे हात धरले. काका पाणी प्यायला आत आले, दोघींकडे बघून हसले आणि पाणी पिऊन गेले. टेलरबाई गिऱ्हाइकाकडे परतल्या. काकू बटाटे चिरायला बसल्या.

बटाटे चिरून झाले तरी पातेल्यातून आवाज नाही. काकूंनी झाकण उचललं. तांदूळ तळाशी गप्प. वाकून पाहिलं, तर खाली ज्योत नाही!

"विझला!" काकू किंचाळल्या.

"बघ," बाहेरून काका म्हणाले. "शेगडी कधी विझली होती?"

आता पाळी वरच्या मजल्यावरच्या ड्रिलमास्तरांची. शाळेतून निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी नव्हती उतरली. त्यांच्याकडे लायटर होता, आणि तो ते कुणाच्या हातात देत नसत. त्यामुळे लायटरबरोबर मास्तरही आले, आणि जिन्यातली गडबड ऐकून टेलरबाईही परत आल्या.

मास्तरांनी स्वयंपाकघराची पाहणी केली. "वारा! खिडकीतून सरळ बर्नरवर. खिडकी बंद करा."

"फिटर उघडी ठेवा म्हणाला."

"मग आडोसा करा!"

इस्त्रीचं टेबल आलं. मास्तरांनी ते खिडकी आणि ओटा यांच्या मधोमध उभं केलं आणि टेलरबाईंना धरायला लावलं. "हलायचं नाही! काकू, बटण! लायटर! पेटव!" शेवटचे दोन हुकूम त्यांनी स्वतःलाच सोडले.

फप्प! तिघांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे टेलरबाईंनी एका हाताने ओट्यावर थाप मारली. आरडाओरडा ऐकून काका आले, "काय चाललंय काय तुमचं?" म्हणत ओट्यापाशी गेले, पुन्हा पाणी प्यायले आणि बाहेर गेले. सगळ्यांचे डोळे खिडकीवर होते. वारा आला तर आता तो कसा येतो ते त्यांना बघायचंच होतं.

वारा आला नाही. ज्योत मात्र पुन्हा गेली.

"अशक्य!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली, बहुधा वाऱ्यासाठी. बटण कुठल्या बाजूला फिरलंय हे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. नव्या वस्तूपुढे एवढं भान कुणाला असतं? काकू हाताला येईल तसं ते फिरवत होत्या आणि कधीतरी ज्योत धरत होती.

तिसऱ्यांदा पेटवलं आणि दारावरची बेल वाजली. काका घाईघाईने आत आले. "आक्का आली! एक वाजला!" एवढं सांगून ते ओट्यावरून वळसा घालून दाराकडे पळाले.

आक्का पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसल्या. "वाढा."

काकूंनी झाकण काढलं. खाली ज्योत पुन्हा नव्हती, गार पाण्यात तांदूळ जसेच्या तसे. "सारखा विझतोय हो," म्हणताना काकूंचे डोळे भरून आले. गॅस जाईल याचं दुःख होतंच, पण उद्यापासून पुन्हा त्या तबकडीपुढे ताटकळायचं, पुन्हा अर्धवट भातावरून बटण बंद व्हायचं, हे त्यांना सहनच होईना.

"जाऊ दे," काका मऊ आवाजात म्हणाले. जिंकल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "मी आणतो शेगडी."

"थांब," आक्का म्हणाल्या. "मला बघू दे, विझतंय कसं ते. पेटवा."

त्यांनी खुर्ची स्वयंपाकघरात ओढून घेतली. मास्तरांनी पेटवलं. टेलरबाई इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभ्या. चौघे ज्योतीकडे टक लावून बघत होते. पातेलं हळूहळू गुणगुणायला लागलं. तेवढ्यात काका चादरीतली शेगडी काखेत मारून आत आले, ओट्याजवळून गेले, आणि जाता जाता त्यांचा मोकळा हात सहज पुढे झाला.

टक.

ज्योत गेली.

टेलरबाईंच्या हातून इस्त्रीचं टेबल सुटून खाली आपटलं.

"अरे, तूच की!" आक्का म्हणाल्या.

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. असा हात त्यांनी पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. "मी? नाही गं... म्हणजे... पाण्याला आधण आलं होतं ना! मग बंद करायचं. उरलेलं फुकटच्या धगीवर..."

"कुठली धग?" काकूंचा आवाज चढला. "ज्योत गेली की गेली! मागे काही उरत नाही हिचं! सकाळपासून बिचाऱ्या वाऱ्याला नावं ठेवतोय आम्ही!"

"शपथ सांगतो, मुद्दाम नाही केलं. हाताला सवय आहे गं."

काकूंना ते खोटं वाटलं नाही, आणि त्यामुळे रागावणंही जमेना. पण अट ती अट. एक वाजून गेला होता, आक्का आलेल्या होत्या आणि भात झाला नव्हता.

आक्का उठल्या. त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दार उघडलं.

"आक्का, रागावलात?" काकू घाबरल्या.

"रागावू कशाला? मी अजून आलेच नाहीये. समोर टेलरबाईंकडे बसते. भात झाला की येते." दारातून त्या वळल्या. "आणि हा इथेच बसेल. बर्नरपुढे. दोन्ही हात मांडीवर."

मास्तरांनी शिट्टी वाजवून शिक्षेची सुरुवात केली.

काका स्टुलावर बसले. आधी तोंड पाडून, मग नुसतेच, मग हळूहळू पुढे वाकून. आयुष्यभर त्यांनी वीज आकड्यांत पाहिली होती. ही ज्योत तर दिसत होती! "अगं, मोठी कर जरा... आता बारीक... अरेच्चा! लगेच ऐकते की ही!"

"मी सकाळपासून काय सांगतेय?" काकू म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलं.

भात फुलून आला, बटाटे मऊ झाले. बेल वाजली. आक्का दुसऱ्यांदा, अगदी वेळेवर आल्या, आणि गरम भाताची वाफ बघून म्हणाल्या, "शेगडी भंगारात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला, तेव्हा काकूंनी त्याला हात हलवत परत पाठवलं. स्वयंपाकघरात काका नवी काडीपेटी मांडीवर घेऊन, स्टुलावर बसून तिसऱ्यांदा चहा करत होते. ज्योत मोठी, ज्योत बारीक, ज्योत अगदी टिकलीएवढी. पहाटेपासून त्यांनी काकूंना ओट्याला बोट लावू दिलं नव्हतं. "थांब गं, दूध वर येताना कशी बारीक करायची ते बघू दे!"

भूक लागल्यावर काकूंनी पुन्हा पलंगाखाली गेलेली शेगडी काढली, गॅलरीत नेली, वायर लावली आणि भाताचं पातेलं चढवून तबकडी तापायची वाट बघत बसल्या.

बऱ्याच वेळाने भाताला कढ आला. आतून काकांचा आवाज आला, "झालं असेल गं! आता बंद कर!"

काकूंनी बटण बंद केलं. भात शिजत राहिला.