त्रेचाळीसच्या पुढचे दामले

जुलै २०२१, शनिवार, सकाळचे दहा. रक्कम दोन हजार तीनशे एकोणपन्नास डॉलर, कुरिअरसकट. हजर माणसं तीन: दामले, मी, आणि खोकं दारात ठेवून नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकलेला कुरिअरवाला. खोक्यात दुकानातूनच जुळणी करून आलेला गेमिंग कॉम्प्युटर होता. दामल्यांनी तो गॅरेजमधल्या टेबलावर ठेवला आणि चालू करायच्या आधी, म्हैस विकत घेणारा माणूस तिच्या पाठीवरून फिरवतो तसा त्याच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "देसाई, यात कंपनीने किती राखून ठेवलंय ते बघू."

दामल्यांचं वय एकसष्ट. गेम सोडा, त्यांनी आयुष्यात पत्तेही खेळलेले नाहीत. त्यामुळे हा कॉम्प्युटर कशासाठी, हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून होतं.

वेंटवर्थव्हिलमध्ये आमची घरं कुंपणाला कुंपण लावून आहेत. दामले मूळचे बॉयलरवाले. विदर्भातल्या एका वीज केंद्रात अकरा वर्षं आणि इथे सिडनीत मोठमोठ्या इमारतींची एअरकंडिशनिंग सांभाळण्यात बावीस वर्षं गेली. या तेहतीस वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालं. कुठल्याही यंत्रावर जी मर्यादा लिहिलेली असते ती खोटी असते. कंपनी घाबरट असते, थोडं राखून ठेवते, आणि ते राखलेलं शोधून काढणं हे गिऱ्हाइकाचं कर्तव्य आहे.

त्यांच्या वॉशिंग मशिनवर सात किलो लिहिलं आहे. दामले कपडे वजनकाट्यावर मोजून साडेआठ किलो घालतात. मिक्सरच्या पुस्तिकेत 'सलग तीन मिनिटंच चालवा' असं होतं. यांनी इडलीचं वाटण घालून, एक हात झाकणावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून तो चालूच ठेवला. सात मिनिटांनी धूर निघाला. मी कुंपणावरून विचारलं, "काय जळलं?" तर हे आनंदाने म्हणाले, "सात! देसाई, सात मिनिटं होती त्याची ताकद. आणि लिहितात तीन. चोर लेकाचे." नवा मिक्सर घ्यावा लागला त्याचं त्यांना काही नव्हतं. खरा आकडा कळला होता.

त्या जुलैत आमच्याकडे कडक लॉकडाउन होता. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला मात्र भेटीला येणारं एकच माणूस नेमून ठेवता येत असे. त्याला बबल म्हणत. दामल्यांनी मला नेमलं. मला जरा भरून आलं. म्हणालो, "माझीच आठवण झाली तुम्हाला!"

"चौघांचा विचार केला," दामले म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

अक्षराचा संबंध लवकरच कळला. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो किती वेगाने चालावा हे कारखान्यात ठरवून देतात. आमच्याचा आकडा होता त्रेचाळीस. सेटिंगमध्ये जाऊन तो चव्वेचाळीस करता येतो, पंचेचाळीस करता येतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की वीज जास्त द्यावी लागते, वीज दिली की तो तापतो, आणि फार तापला किंवा वीज पुरली नाही की पडदा निळा होऊन सगळं बंद पडतं. दामल्यांच्या भाषेत, "बसला." दामल्यांनी आकडे फिरवायचे, मी वेग, वीज, तापमान आणि किती मिनिटांनी बसला हे वहीत उतरवायचं, असा आमचा बबल होता.

सकाळी साडेसहाला बोलावत. गॅरेजमध्ये सहा-सात अंश तापमान. दामले कानटोपी घालून शटर अर्धं उघडून बसायचे. "बाहेरची थंडी फुकट आहे देसाई. हिला वाया घालवू नका." कपडे वाळवायच्या मशिनचा जाड नळा त्यांनी खिडकीतून थेट कॉम्प्युटरच्या तोंडाशी आणून बांधला होता. कारण या तयार कॉम्प्युटरची तऱ्हा अशी, की प्रोसेसर उंची आणि त्याला गार ठेवणारा पंखा फुटकळ. नवरदेवाला सूट शिवावा आणि पायात बाथरूमच्या सपाता द्याव्यात तसं. शिवाय आत इंद्रधनुष्यी दिवे. ते बंद कसे करायचे हे आम्हा दोघांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

माझी बायको मीनल स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिवे बघायची. "दामल्यांनी गॅरेजमध्ये गणपती बसवलाय का? आणि तुम्ही भटजी?"

"रीडिंग घेतोय," मी म्हणायचो.

"घ्या, घ्या. घरातलं डिशवॉशरही कधीतरी रीडिंगला घ्या."

चव्वेचाळीसला तो टिकला. पंचेचाळीसला अठ्ठ्याण्णव अंश तापला. शेहेचाळीसला सहाव्या मिनिटाला पडदा निळा झाला. दामल्यांनी टाळी वाजवली, निळ्या पडद्याचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला.

मुलगा केदार कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे. आठ दिवस काम, सहा दिवस सुट्टी. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तेव्हा हद्द बंद केली होती, त्यामुळे तो येऊ शकत नव्हता आणि हे जाऊ शकत नव्हते. अर्थात हद्द उघडी असतानाही फार काही वेगळं नव्हतं. सुनंदावहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. फोनवर बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या अर्धा अर्धा तास बोलायच्या आणि शेवटी "हं, बाबांशी बोल" म्हणून फोन द्यायच्या. मग दामले "काय, बरंय?" विचारायचे, पलीकडून "बरंय" यायचं, आणि फोन परत. वहिनी गेल्यावर फक्त तो शेवटचा भाग उरला. केदारला बाबांचा राग होता असं नाही. दोघांकडे विषय नव्हता.

फोटोला उत्तर म्हणून अंगठा येईल असं दामल्यांना वाटलं होतं. नेहमी अंगठाच यायचा. त्या दिवशी दोन मिनिटांत फोन वाजला. दामल्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा! हे काय? तुम्ही ओव्हरक्लॉक करताय?"

"हो. शेहेचाळीसला बसला."

"व्होल्टेज किती दिलंत?"

दामल्यांनी सांगितलं.

"आर यू सीरियस? त्या डबड्या पंख्यावर? बाबा, तो प्रोसेसर आहे, बॉयलर नाही!"

"बॉयलरला अक्कल जास्त होती," दामले म्हणाले. "तो शिट्टी तरी मारायचा."

पलीकडे केदार हसला. खूप हसला. मग त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरचं सांगितलं, पंखा कुठला घ्यावा, उष्णता वाहून नेणारा लेप किती लावावा ("वाटाण्याएवढा, बाबा. पोळीला तूप लावतात तसा नाही"), हे सगळं. मी वहीत नोंद करायला बसलेला माणूस, मला दुसरं काम नव्हतं. फोन सत्तेचाळीस मिनिटं चालला. ठेवल्यावर दामल्यांनी फोन बाहीने पुसला. मग म्हणाले, "चहा घेता?" एरवी ते सकाळी आठच्या आत कुणाला चहा विचारत नाहीत.

पुढचे पाच आठवडे, काम असो वा सुट्टी, केदारचा रविवारी फोन ठरलेला. "काका आहेत ना? काका, कालचं तापमान सांगा." मी सांगायचो. नवा पंखा आला. तो बसवताना दामल्यांनी लेप तुपासारखाच लावला, केदारने व्हिडिओवर बघून डोक्याला हात लावला, पुसून परत लावायला लावला. मधेच त्याने खाणीतल्या हवेचं सांगितलं, एका मैत्रिणीचं नाव दोनदा आलं. दामल्यांनी त्या नावाबद्दल काही विचारलं नाही. पण मला म्हणाले, "दोनदा आलं. तुम्ही मोजलंत ना?"

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अठ्ठेचाळीसला कॉम्प्युटर आठ तास चालला. बसला नाही. तापमान एक्क्याऐंशीच्या वर गेलं नाही. मी वहीत 'स्थिर' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं दामले उड्या मारतील. ते म्हणाले, "हं."

रविवारी केदारचा फोन आला. "काय बाबा, झाला का स्टेबल?"

"नाही रे," दामले म्हणाले. "चाळीस मिनिटांनी बसतो."

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. मला वाटलं ते आकडा विसरले. त्यांनी वही हळूच बंद केली आणि बोलत राहिले. पंचावन्न मिनिटं.

पुढच्या रविवारी पुन्हा "बसतो." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मी रीतीचा माणूस आहे. चूक चालेल, खोटा आकडा नाही चालत. फोन ठेवल्यावर विचारलं, "दामले, हे काय चाललंय?"

त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं, चमच्याने काढत बसले.

"चालू झाला," ते म्हणाले, "की तो मला काय विचारणार?"

दोन दिवसांनी केदारचा फोन थेट मला आला.

"काका, एक काम होतं. तुमच्या वहीचे फोटो पाठवता? बाबांच्या सांगण्याचा ताळमेळ लागत नाहीये. कधी चाळीस मिनिटं म्हणतात, कधी वीस. मेमरीच खराब असेल तर अख्खा कॉम्प्युटर दुकानाला परत करू, पैसे परत मिळतील. मी बोलतो त्यांच्याशी. बाबांची कटकट एकदाची संपेल."

मी म्हणालो, पाठवतो.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी वही घेऊन बसलो. 'स्थिर'चं पान पाठवलं तर रविवार संपले. खोटं पान लिहायचं तर ते मला जमणार नव्हतं, माझ्या हाताला ते वळणच नाही. मीनल शेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढी वही भरलीय. बसलेल्या दिवसांची पानंही असतील की."

होती. जुलैची होती. शेहेचाळीस, सहा मिनिटं. सत्तेचाळीस, एकोणीस मिनिटं. सगळी माझ्या हातची आणि खरी. मी त्यांतली तीन पाठवली. तारखेची कड फोटोत घेतली नाही.

केदारचं उत्तर आलं. "मेमरी नाही वाटत. असं फोनवर नाही कळणार काका. बाबांना सांगा, परत करू नका. हद्द उघडली की इकडे घेऊन या म्हणावं, मी समोर बसून बघतो."

मी तो मेसेज दामल्यांना कुंपणावरून वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितला. मग आत गेले आणि कॉम्प्युटरचं मूळ खोकं माळ्यावरून काढून पुसत बसले. हद्द उघडायला अजून सहा महिने होते.

मार्चमध्ये मी त्यांना विमानतळावर सोडलं. केदार सहा तास गाडी चालवून पर्थला घ्यायला येणार होता. खोक्यात कॉम्प्युटर, भोवती दोन चादरी आणि उरलेल्या जागेत मेतकूट. वजन बावीस किलो. काउंटरवरच्या बाईंनी खोक्यावर नाजूक मालाचं लेबल लावलं आणि सहज विचारलं, "चालू स्थितीत आहे ना, लव्ह?"

दामल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लेबलाकडे पाहत होतो.

"नो," ते म्हणाले. "नॉट वर्किंग. माय सन विल फिक्स इट."

"नो वरीज," बाई म्हणाल्या.

जादा सामानाचे साठ डॉलर झाले. ते दामल्यांनी, मर्यादेवरून वाद न घालता, विमान कंपनीला कार्डाने दिले.