सरपंचांची गुपचूप सहल

सकाळी सहाला दोलमी गावचे सरपंच प्यो थेगिल माईकसमोर बसले, घसा खाकरला आणि आधी एक जुनं रडकं प्रेमगीत लावलं. दोलमीत अशीच पद्धत. आधी गाणं, मग सूचना. गाण्याशिवाय सूचना आली की लोकांना वाटतं कुणीतरी गेलं.

"आ, आ... गावकरी मंडळी, सरपंच बोलतोय. लसणाचं खत आलंय. आठपासून गोदामापाशी मिळेल. मागच्या वेळेसारखी रांग मोडू नका. संपलं."

संपलं म्हणाले खरे, पण बटण बंद करायचं राहिलं. माईकवरचा लाल दिवा दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि त्याच्या दुरुस्तीचा अर्ज कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर हवापालट करत होता. तेवढ्यात त्यांची बायको ओकबुन बार्लीचा चहा घेऊन आत आली, आणि सरपंच तिच्याकडे वळून बसले. गावाच्या चार कोपऱ्यांतले चार भोंगे मात्र आ वासून ऐकतच राहिले.

"दार लाव आधी," सरपंच दबक्या आवाजात म्हणाले. "बुधवारी आपण नदीपलीकडे मेहवाची फुलं बघायला जायचं. दोघंच."

ओकबुन कप हातात धरून तशीच उभी राहिली.

थंडी पुरती सरलेली नसते, झाडाला पान नसतं, आणि काळ्या फांद्यांवर पांढरा मेहवा फुटतो. नदीपलीकडे त्याची अख्खी टेकडी आहे, मार्चात तिथे जत्रा भरते. गाडीनं जेमतेम दीड तास. लग्न झालं त्या वर्षी सरपंचांनी तिला शब्द दिला होता, पुढच्या वसंतात तुला तिथे नेईन. त्याला अडतीस वसंत झाले. कधी लसणाची खुरपणी, कधी पोरांची आजारपणं, आणि मग अकरा वर्षं ओकबुनच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. गेल्या शरदात सासूबाई गेल्या. आतल्या खोलीतून कुणी हाक मारत नाही असा हा पहिलाच वसंत होता.

"अहो, खरंच? की दरवर्षीसारखं?"

"खरंच गं. वहीत लिहून काढलंय. सहा चाळीसला निघायचं, गर्दीच्या आत वर पोचायचं. वर एक बाक आहे म्हणे, तिथून खाली नदी दिसते. तिथे बसायचं."

"आणि मग?"

"मग काय, बसायचं." सरपंच जरासे लाजले. "हात धरून."

"इश्श, या वयात!"

"पण गावात अवाक्षर काढू नकोस हं. त्या थाक आजोबांना कळलं तर झालंच. म्हातारा दर अर्ध्या तासाला गाडी थांबवतो, मुताऱ्यांचीच सहल होते. आणि सोनहीची आई? ती गायला लागली की झाडाची फुलं गळतात. कूक तर एकटा यायचाच नाही, मेहुणीला घेऊन येणार, आणि ती मेहुणी वाटेतल्या प्रत्येक दुकानात वाळलेल्या माशांचा भाव विचारणार. नकोच कुणी. फक्त तू नि मी."

ओकबुन हसली. ते हसूसुद्धा चारही भोंग्यांतून नीट ऐकू गेलं.

आठ वाजता सरपंच गोदामापाशी आले, तर रांग रुळासारखी सरळ. कुणी भांडत नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघून मान लववत होते आणि मग घाईघाईनं आभाळाकडे बघत होते.

पहिले थाक आजोबा पुढे आले. वय त्र्याऐंशी, काठी टेकत. "सरपंच, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही मी."

"अरे बापरे! बरं नाही का?"

"उत्तम आहे. सवय करतोय."

कसली सवय ते सरपंचांना कळेना. तेवढ्यात महिला मंडळाची अध्यक्षा, म्हणजे सोनहीची आई, मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीचा डबा घेऊन आली. तिनं गळ्याला रुमाल गुंडाळला होता. "काय सांगू सरपंच, घसा पार बसलाय. महिनाभर तरी मला गाता यायचं नाही."

"काळजी घ्या."

"घेतेय ना. एखाद्या टेकडीवर मोकळी हवा मिळाली असती तर बरं वाटलं असतं. पण आम्हाला कोण विचारतंय!"

मग शेजारच्या शेतातला कूक खताची गोणी खांद्यावर टाकत म्हणाला, "आमच्या मेहुणीनं वाळले मासे सोडले बघा, सरपंच. कायमचे. भावसुद्धा विचारत नाही."

सरपंच दचकून रांगेकडे वळले. "तुम्हाला... तुम्हाला काही कळलंय का?"

"आम्हाला?" रांगेतल्या तिसाएक जणांनी एका सुरात विचारलं. "काय कळणार आम्हाला? कुठला बुधवार?"

सरपंच धावत घरी आले. माईकचं बटण अजून चालूच होतं, आणि गावभर त्यांच्याच धापा ऐकू येत होत्या.

बटण बंद करून ते भिंतीला टेकून बसले. कुणी भांडलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. पण या गावाची रीतच अशी, की ऐकलेलं ऐकलं नाही असं दाखवायचं आणि समोरच्याला भाजून काढायचं. पाणी सोडून बसलेल्या म्हाताऱ्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"ओकबुन, काय करू गं?"

ती दारात उभी होती. तिनं सगळं ओळखलं होतं. भोंग्यातल्या धापा तिलाही ऐकू आल्याच होत्या की. "काय करणार? एवढं बोललात त्यांना, आता नेलंच पाहिजे," ती म्हणाली. मग चहाचा कप उचलता उचलता, "फुलं तर तीच असतात ना," असंही म्हणाली.

तिनं नको म्हणावं, रागवावं, आपण दोघंच जाऊ म्हणावं असं सरपंचांना फार वाटलं. पण तेही ते बोलले नाहीत. अडतीस वर्षांत जे जे बोलायचं राहिलं, त्यात आणखी एकाची भर.

तिघांना न्यायचं ठरलं. तिघांचे नऊ झाले, कारण सोनहीच्या आईला नेऊन मंडळाच्या उपाध्यक्षेला वगळलं तर मंडळ फुटलं असतं. नवाचे एकवीस झाले, कारण थाक आजोबांना नेऊन बाकीच्या म्हाताऱ्यांना मागे ठेवणं म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणं, असं वृद्ध मंडळात कुणीसं म्हणालं. एकवीस माणसांसाठी मोठी बसच लागते, आणि मोठी बस रिकामी नेणं पाप. झाले त्रेचाळीस.

बस बुधवारी मिळेना. गुरुवारी कुणाकडे श्राद्ध. शुक्रवारी बाजार. शेवटी शनिवार ठरला, जत्रेचा शेवटून दुसरा दिवस.

तो बुधवार मात्र असा उजाडला, की सरपंचांना आभाळाकडे बघवेना. वारा नाही, ढग नाही, ऊन कोवळं. ओकबुन लसणाच्या वाफ्यात तण काढत बसली होती. सहलीसाठी बाजारातून आणलेले तिचे नवे बूट खोक्यातच होते.

"शनिवारीही फुलं असतीलच की," सरपंच बांधावरून म्हणाले.

"असतील ना," ती म्हणाली, आणि तिनं एक तण उपटलं. त्याच्याबरोबर चांगल्या लसणाचे दोन गड्डे बाहेर आले.

शुक्रवारी महिला मंडळाची बैठक भरली. उपाध्यक्षेनं तांदळाच्या उकडीच्या वड्या आपल्याकडे घेतल्या, कूकच्या बायकोनं डुकराचं मटण, कुणी किंबापचे भाताचे रोल, कुणी संत्री. उरलं त्रेचाळीस माणसांचं कोबीच्या पानांचं सूप. "ते सरपंचीणबाईंच्या हातचंच पाहिजे," असं एकमतानं ठरलं. सरपंचाच्या बायकोनं आपल्यापुरता डबा घेऊन सहलीला येणं कुणी ऐकलंय का कधी?

शनिवारी बस सुटली. रीतीप्रमाणे सरपंच पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. ओकबुन शेवटच्या सीटवर, कारण सुपाची दोन पातेली तिथेच मावत होती आणि ती धरून बसायला माणूस हवा होता. पुढे तो, मागे ती, मधे अख्खं गाव.

गाव सुटून दहा मिनिटं झाली आणि सोनहीच्या आईचा घसा मोकळा झाला. पंधरा मिनिटांत सीटांमधल्या वाटेत नाच सुरू झाला. ड्रायव्हर आरशातून ओरडला, "बसा खाली! नियम आहे, दंड होतो!" सगळे खाली बसले आणि बसल्या बसल्या नाचू लागले. थाक आजोबांनी पाणी सोडलं होतं, पण तांदळाची दारू सोडल्याचं ते कुठे म्हणाले होते? बस चार वेळा थांबली. मेहुणीनं पहिल्याच थांब्यावर वाळल्या माशांचा भाव विचारला.

"सरपंच!" मागून कूक ओरडला. "सरपंचीणबाई एकट्या आहेत मागे! हात कोण धरणार?"

बस हसून हसून डुलली. सरपंचांनी कान लाल करून वळून पाहिलं. ओकबुनचे दोन्ही हात दोन पातेल्यांवर होते.

पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली ती संपेचना. दीड तासाच्या वाटेला साडेचार तास लागले. वाहतूक पोलिसानं बस नदीकाठच्या वाळूत उतरवली. तिथे आधीच साठ-सत्तर बसगाड्या उभ्या होत्या, सगळ्या एकसारख्या. तिथून समोर दिसत होत्या बसांच्या पाठी आणि स्वच्छतागृहाची रांग. फुलांची टेकडी बसांच्या मागे होती.

"आता वर जायचं ना?" ओकबुननं उतरता उतरता विचारलं.

"जाऊ की," सरपंच म्हणाले. "या सगळ्यांना जरा मार्गाला लावतो, आणि आपण..."

"वर?" थाक आजोबांनी काठी आपटली. "उपाशीपोटी? कुमगांग पर्वतसुद्धा जेवल्यावरच बघावा म्हणतात, सरपंच! पूर्वज काय वेडे होते?"

पूर्वजांपुढे कुणाचं चालत नाही. बसशेजारी चटया पसरल्या, शेगडी पेटली. चटयांवर निम्मीच माणसं मावली, म्हणून दोन पंगती ठरल्या. ओकबुन पातेल्यापाशी उभी राहिली. नव्या बुटावर सूप सांडलं, तिनं ते वाळूनं पुसलं.

पहिली पंगत उठली, सरपंचांनी माणसं मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली. बेचाळीसच.

"थाक आजोबा कुठे गेले?"

"वर गेले असतील फुलं बघायला," कूक म्हणाला. "सरपंच, तुम्हीच बघा बाबा. तुमच्या जबाबदारीवर आणलंत."

सरपंच टेकडी चढू लागले. "आजोबा! थाक आजोबा!" हाका मारत, गर्दीतून वाट काढत. वळण संपलं आणि त्यांची हाक तोंडातच राहिली.

सगळी टेकडी पांढरी झाली होती. वरून खालपर्यंत, पांढऱ्यावर पांढरं. वारा आला की पाकळ्या सैल सुटायच्या आणि खाली यायची घाई नसल्यासारख्या तरंगत राहायच्या. बाक खरंच होता. खाली नदी दिसत होती. बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, काही बोलत नव्हतं, एकाच संत्र्याच्या फोडी खात होतं.

सरपंच किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं त्यांनी, आणि शेजारी पाहिलं तर कुणी नाही. खाली जाऊन तिला हे सांगायचं कसं, या विचारानं त्यांना ते सुंदर नीट बघताही येईना.

खाली आले तेव्हा थाक आजोबा सापडले होते. ते टेकडीवर गेलेच नव्हते. स्वच्छतागृहातून परतताना दुसऱ्याच गावच्या बसमध्ये चढले, तिथे जेवले, दोन गाणी म्हटली, आणि निघायच्या वेळी त्या गावाच्या मोजणीत एक माणूस जास्त भरला तेव्हा पकडले गेले. "त्यांचं मटण आपल्यापेक्षा मऊ होतं," असा निरोप घेऊन आले.

दुसरी पंगत बसत होती. ओकबुन पळीनं सूप ढवळत होती. तिनं वर पाहिलं.

"वर गेला होतात? कशी होती फुलं?"

खरं सांगितलं तर तिला हळहळ वाटेल, असं सरपंचांना वाटलं. निदान एवढं तरी आपण तिच्यासाठी करू.

"छे! काही नाही गं. सगळी गळून गेलीत. नुसत्या काड्या उरल्यात. उशीर झाला आपल्याला. नाही पाहिलीस तेच बरं."

ओकबुन त्यांच्याकडे बघत राहिली. मग हात लांब करून तिनं त्यांच्या टोपीवरची एक पाकळी उचलली. मग खांद्यावरची दुसरी. कॉलरमधून तिसरी.

"हो," ती म्हणाली. "दिसतंय. बहुतेक सगळी तुमच्याच अंगावर गळलीत."

तिनं पळी त्यांच्या हातात दिली, हात पुसले आणि बसांच्या मधून चालू लागली.

"ओकबुन! अगं थांब, मी पण येतो! बाक दाखवतो तुला!"

"सरपंच!" वीस वाट्या एकदम पुढे आल्या. "आमचं काय? सूप गार होतंय!"

सरपंचांनी एक वाटी भरली, पाय उचलला, दुसरी आली. ती भरली, तिसरी आली. मान वाकडी करून त्यांनी पाहिलं. दोन बसांच्या फटीतून चढावाची थोडीशी वाट दिसत होती, आणि तिच्यावर ओकबुनचं जांभळं जाकीट. कुणाची वाट पाहायची नसलेल्या बाईसारखी ती भराभर चढत होती. वळणाशी क्षणभर थांबली. सरपंचांनी पळीच वर करून हलवली.

ती वळणापलीकडे गेली. मागे वळून काही पाहिलं नाही तिनं.

"सरपंच," सोनहीची आई सुपाचा घोट घेत म्हणाली, "सरपंचीणबाईंच्या हातची चव काही तुमच्या हाताला नाही हो."

"सूप तिनंच केलंय," सरपंच म्हणाले.

"तेच ते. पण वाढलंय तुम्ही ना!"