कांबळे सरांचा पंखा

रोज संध्याकाळी सहाला आमच्या लालबागच्या चाळीत आरडाओरडा सुरू व्हायचा, "हॅलो! माय फॅन इज नॉट रोटेटिंग! आय अ‍ॅम व्हेरी अँग्री!" पंखा गरगर फिरत असायचा आणि कांबळे सर त्याच्याखालीच बसून फोनवर तक्रार करत असायचे. शेजारच्या मालवणी काकूंनी कीव येऊन हातपंखा आणून दिला. "मास्तरांनु, एकदाचो दुरुस्त करून घेवा तो पंखो!"

सर आमच्या शाळेत नववी-दहावीला वायरिंग शिकवायचे, मी इंग्रजी. माझ्या तासाला मुलांच्या तोंडाला कुलूप. सर म्हणायचे, "मॅडम, काम येतं हो पोरांना. गिऱ्हाईक इंग्रजीत बोललं की पाय लटपटतात." म्हणून ते स्वतःच गिऱ्हाईक झाले. रोज एकाने फोनवर त्यांची तक्रार घ्यायची. कोणी अडखळलं की सर मराठीवर यायचे, "जोड वायर, येईल करंट!" आणि लगेच पुन्हा अँग्री.

सगळ्यात भित्री साक्षी. 'गुड ईव्हनिंग' म्हणतानाच रडायची. तिच्यासाठी सरांनी तीन महिने रोज फोनवर पंखा बंद पाडला. पुढे आयटीआय करून ती दुरुस्तीच्या कंपनीत लागली, तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

मग सर निवृत्त झाले आणि फोन थांबले. बायको आधीच गेलेली, मुलगी सासरी कोल्हापूरला. सहा वाजताची ती शांतता मलाच सोसेना.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन गेले, तर सर घामाघूम. पंखा खरंच बंद!

"कंपनीत तक्रार नोंदवलीय. इंग्रजीत. साक्षीलाच पाठवा म्हटलं."

जन्मभर पंखे दुरुस्त केलेला माणूस! मला हसू आवरेना.

तेवढ्यात साक्षी आली, गणवेशात, हातात हत्यारांची पेटी. "गुड मॉर्निंग, सर. व्हॉट इज द प्रॉब्लेम?" एकदाही न अडखळता. सर अँग्री व्हायचंच विसरले. "माय फॅन..." म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

तिने स्टुलावर चढून पंख्याची छताजवळची वाटी खाली सरकवली. वायर तुटली नव्हती. कोणीतरी ती नीट सोडवून टेप गुंडाळली होती, टेपचं टोक दुमडून. "टोक दुमडावं, पुढच्या माणसाला सोपं जातं," हे सर प्रत्येक वर्गाला शिकवायचे. साक्षीने ओळखलं. मीही ओळखलं.

तिने वायर जोडली, पंखा फिरला.

"सीरियस प्रॉब्लेम, सर," ती गंभीरपणे म्हणाली. "आय विल चेक एव्हरी संडे."

मग खाली उतरून मराठीत विचारलं, "सर, जेवलात का?"

सर पंख्याकडेच बघत राहिले. "नाय गं अजून," म्हणाले.