पंधरा लाल बिल्ले

उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंट स्कीममधून दुपारी बाहेर पडायचं असेल, तर चप्पल घालण्याआधी बिल्ला उलटवावा लागतो. हा नियम महापालिकेचा नाही, सोसायटीचाही नाही. गावंडे काकांचा आहे.

काका तळमजल्यावर एकटे राहतात. काकू गेल्या, मुलगी रायपूरला असते. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. काम एवढंच, की खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा. पाळी संपली आणि बिल्ला आला नाही, म्हणजे माणूस अजून खाली आहे. दोन वर्षांपूर्वी ते आमच्या इमारतीत राहायला आले आणि पहिल्याच एप्रिलमध्ये जिन्याजवळ प्लायवूडची पाटी ठोकली. सोळा फ्लॅट, सोळा खिळे, सोळा गोल बिल्ले. एक बाजू हिरवी, एक लाल. बारा ते पाचच्या मध्ये घरातलं कोणी बाहेर गेलं की लाल, परत आलं की हिरवा. दीड तासाच्या वर लाल राहिला तर काका फोन करतात. फोन उचलला नाही, तर डोक्याला दुपट्टा बांधून आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन शोधायला निघतात.

"पहिले नवतपाचं कडक ऊन नऊ दिवस राहे," ते म्हणतात. "आता मार्चमधेच येते अन् जाचं नाव घेत नाही. अन् मागच्या पावसात पार्किंगमधे कमरेएवढं पानी होतं, विसरले काय? हे असंच वाढत जानार. मंग तयारी नोको?"

तयारीचं एक जाड रजिस्टर आहे. कोणाला बीपी, कोणाला जिना चढवत नाही, पाणी शिरलं तर तळमजल्यावरच्यांनी कोणाच्या घरी जायचं, लाईट गेली तर बर्फ कोणाकडे. पुढच्या वीस वर्षांचा विचार त्यात आहे.

"काका, तेव्हा तुम्ही नव्वदीच्या पुढे असाल," आमचे सेक्रेटरी बोरकर भाऊ एकदा म्हणाले.

"म्हनून तं लिहून ठेवून राहिलो."

इमारतीत काहीही झालं तरी त्यांचं वाक्य ठरलेलं: "पहिले मोजा, मंग बोंबला." गच्चीवरचा पाइप फुटला तेव्हाही त्यांनी आधी माणसं मोजली. तोवर पाणी दुसऱ्या माळ्यापर्यंत उतरलं होतं.

लोक हसायचे. मला मात्र ती पाटी आवडायची. मी घरूनच काम करते आणि चार वाक्यं बोलायची म्हटली तरी आधी मनात तीनदा म्हणून बघते. इथे एक बिल्ला उलटवला, की न बोलता कोणालातरी कळायचं, मी गेले, मी आले.

घोटाळा केला ठाकरे काकूंनी. त्या मुलीच्या डोहाळजेवणाला पुण्याला गेल्या आणि जाताना शहाण्यासारखा बिल्ला लाल करून गेल्या. दुपारी तीनला तिकडे ओटी भरणं चाललेलं आणि इकडून काकांचा फोन, "ताई, कुठं पडल्या? सावलीत सरका, मी येऊन राहिलो." काकूंनी परत आल्यावर ही गोष्ट ग्रुपवर टाकली. दोन दिवस सगळे हसत होते. तिसऱ्या दिवशी बोरकर भाऊंनी लिहिलं, "उद्या सगळ्यांनी लाल करा. पाहू काका काय करतात."

मी ते वाचलं. काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला खाली गेले, तर काकांचा आणि आमचा सोडून सगळे बिल्ले लाल. काकांचा सोडला तर आमचा एकटाच हिरवा तिथे कसातरी दिसत होता. वेगळं दिसायची मला फार भीती वाटते. मी तो उलटवला आणि पटकन वर आले.

दीडच्या सुमाराला काकांचे फोन आले, कोणी उचलले नाहीत, मीही नाही. मग बेल ऐकू येऊ लागल्या. तळमजला, पहिला, दुसरा. तेवढ्यात लाईट गेली. लिफ्ट बंद, बेल बंद. काका जिन्याने चढत, दारं हाताने वाजवत तिसऱ्या माळ्यावर आले. मी दार उघडलं. त्यांचा चेहरा विटेसारखा झाला होता.

"हाय ना वं घरात? बरं झालं."

मी नुसती मान हलवली. त्यांनी हातातल्या यादीवर खूण केली आणि ते चौथ्या माळ्याकडे वळले. तिथे बोरकर भाऊ मजा वाढावी म्हणून दार उघडत नव्हते. ठक-ठक. "बोरकर! ओ बोरकर!" ठक-ठक. मग आवाज थांबला.

मी वर धावले. काका पायरीवर बसले होते. अंग तापलेलं, आणि इतक्या उकाड्यात घामाचा थेंब नाही. मी त्या इमारतीत पहिल्यांदा ओरडले. मनात एकदाही न म्हणून बघता.

"बोरकर भाऊ, दार उघडा! सगळे या! काका पडलेत!"

सगळी दारं उघडली. काय करायचं हे कोणाला विचारावं लागलं नाही, कारण ऊन लागल्यावरच्या उपायांचा, काकांनीच वाटलेला कागद प्रत्येक दारामागे चिकटवलेला होता. ओली चादर, मानेला आणि काखेत बर्फ, हाताने वारा. बोरकर भाऊ रडवेले होऊन वर्तमानपत्राने वारा घालत होते. मग रामदासपेठेतलं हॉस्पिटल, सलाईन.

संध्याकाळी मी एकटी त्यांना भेटायला गेले. वाक्य वाटेत ठरवलं होतं, पण निघालं वेगळंच.

"काका, कोणीच बाहेर गेलं नव्हतं. मुद्दाम केलं होतं. मीपण."

"माहीत हाय ना," ते म्हणाले. "पंधरा बिल्ले एका टायमाले लाल होतात काय? खानीत बी असं नाही झालं कधी."

"मग चढलात कशाला?"

"पंधरातला एखादा खरा असला तं?"

त्यांनी सलाईनच्या नळीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"एक सांगू बाई? दोन वर्षं झाली इथं राहून. सगळ्यायची दारं मी बाहेरूनच पाह्यली. आज आतून दिसली. पहिल्या माळ्यावर पाळना हाय, मले माहीतच नव्हतं, रजिस्टरात लिहा लागते. अन् दुसऱ्या माळ्यावर कुळकर्नी आजीनं पंखा माझ्याकडे वळवला. म्हने, बसा, पन्हं घ्या."

"मग?"

"बसाची लय इच्छा होती वं," काका म्हणाले. "पन आठ घरं बाकी होती."